सुट्टीचा वार कोणी ठरवावा?

प्रश्न : पोलंडमध्ये २०१८ पासून टप्प्याटप्प्याने बहुतेक रविवारी मोठी दुकाने बंद ठेवण्याचा कायदा लागू झाला. सरकारने लोकांच्या व्यवहारात ढवळाढवळ करू नये, असे सांगणारे परंपरावादी पक्षच दुकान कोणत्या वारी उघडावे हे ठरवू लागले, तर तो दुटप्पीपणा नव्हे का? की हा सगळा खटाटोप चर्चला खूश ठेवण्यासाठी आहे?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकणे मला पटत नाही. मात्र त्या कायद्याची मागणी सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने लावून धरली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे केवळ धर्माकडे बोट दाखवून भागत नाही. रविवारी गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला ‘तुम्ही आपखुशीने आलात’ असे म्हणणे सोपे आहे. पण शेजारचे दुकान उघडे असताना आपले बंद ठेवणे मालकाला परवडत नाही आणि मालकाला नाही म्हणणे तिला परवडत नाही.

परंपरावादी माणूस सुट्टीच्या वाराबाबत इतका हळवा का असतो, याचे उत्तर इतिहासात सापडते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुरिणांनी १७९३ मध्ये सात दिवसांचा आठवडा मोडीत काढून दहा दिवसांचा केला. साहजिकच विश्रांतीचा दिवस सातव्यावरून दहाव्यावर गेला. लोकांनी तो मनापासून कधीच स्वीकारला नाही, आणि १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने जुनी कालगणना पुन्हा सुरू केली. त्याच क्रांतीने दिलेले मीटर आणि किलोग्रॅम मात्र जगभर रुजले, तेव्हा नवे ते सगळे त्याज्य, असे मी म्हणणार नाही. कापड मोजण्याची पट्टी बदलली तरी घर जसेच्या तसे राहते. घरातली माणसे एकत्र कधी बसणार, हे बदलले की घरच बदलते.

सोव्हिएत संघाने १९२९ मध्ये याहूनही पुढची मजल मारली. यंत्रे एक दिवसही थांबू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एकेक रंग दिला आणि चार दिवस काम केल्यावर पाचव्या दिवशी सुट्टी, पण प्रत्येक रंगाची वेगळ्या दिवशी, अशी व्यवस्था लावली. कागदावर सुट्ट्या वाढल्या होत्या. नवऱ्याचा रंग एक आणि बायकोचा दुसरा असेल, तर ती सुट्टी घ्यायची कोणाबरोबर? दोनच वर्षांत ही पद्धत आवरती घ्यावी लागली आणि १९४० मध्ये रविवार परत आला. आज हुकूमशहाची गरज उरलेली नाही. चोवीस तास चालणारा बाजार आणि खिशातला फोन मिळून तेच काम बिनबोभाट करत आहेत, आणि याबद्दल परंपरावादी पक्षांनी बाजाराला जाब विचारला नाही, तर त्यांचा कुटुंबाविषयीचा कळवळा मला खरा वाटणार नाही.

प्रश्न : मग हंगेरीत असाच कायदा का टिकला नाही?

उत्तर : तिथे मार्च २०१५ मध्ये बंदी आली आणि लोकांची नाराजी वाढून सार्वमताची वेळ येऊ घातल्यावर एप्रिल २०१६ मध्ये तिथल्या परंपरावादी सरकारनेच ती मागे घेतली. माझ्या मते ती माघार योग्यच होती, कारण रीत जपायची ती लोकांना बरोबर घेऊन; हुकूम काढून ती परत आणू पाहणारा पक्ष क्रांतिकारकांच्याच वाटेने जातो. याउलट जर्मनीत रविवारच्या विश्रांतीचे संरक्षण १९१९ च्या वायमार राज्यघटनेतून आजच्या राज्यघटनेत आले आहे आणि २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने बर्लिनमधील नाताळपूर्व रविवारची सरसकट सवलत त्याच आधारे अमान्य केली. नवा कायदा करणाऱ्यांनी पोलंडमधील एक तरतूद तरी जरूर उचलावी : मालक स्वतः गल्ल्यावर उभा राहणार असेल, तर त्याला रविवारीही दुकान उघडता येते.