३०,००० चा स्कॅनर की ९,००० चा?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. २०१९ च्या पुरात सांगलीच्या घरात पाणी शिरलं, पत्र्याची ट्रंक भिजली, तरी १,२०० फोटो वाचले. ते स्कॅन करून तिन्ही भावंडांना द्यायचेत. दुकानदाराने दोन स्कॅनर दाखवले: साधा ९,००० चा आणि निगेटिव्हही करणारा ३०,००० चा. दुसऱ्यासाठी एफडी मोडू की 'नो कॉस्ट ईएमआय' घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

९,००० चा घ्या. एफडीला हात लावू नका.

वरचे २१,००० मुख्यतः निगेटिव्हसाठी आहेत. तुमच्याकडे त्या साधारण ३००. त्यातल्या बऱ्याचशांचे प्रिंट अल्बममध्ये असणारच. पट्ट्या कडेने धरून खिडकीच्या उजेडात बघा आणि अल्बमशी जुळवा. प्रिंट नसलेल्या ९० उरल्या, तर स्टुडिओने सांगितलेल्या २० रुपयांच्या दराने १,८०० होतात. अगदी सगळ्या ३०० दिल्या तरी ६,०००.

महागडं यंत्र आणखी एका बाबतीत सरस ठरतं, तेही सांगतो. स्वस्त स्कॅनरमध्ये बहुधा सीआयएस सेन्सर असतो. काचेपासून जरा उचललेला भाग त्यात धूसर येतो, आणि पुरात भिजलेले फोटो वाळताना वाकतात. असे तुमचे ५०-६० आहेत. तेही स्टुडिओत द्या, ते कॅमेरा स्टँडला लावून काढतात. एवढं धरूनही हिशेब साध्या स्कॅनरच्याच बाजूने झुकतो.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढू नका. चित्र असतं ते कागदावरच्या जिलेटिनच्या थरात, आणि तोच थर काचेला धरून बसतो. माझ्या आजोबांचा एकुलता एक फोटो मी असाच सोडवायला गेलो. कागद हातात आला, कपाळ आणि फेटा काचेवरच राहिला. काचेसकट कॅमेऱ्याने टिपून घ्यायला हवा होता, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला आवर्जून सांगतोय.

ईएमआयचं थोडक्यात: क्रेडिट कार्डावर व्याजाएवढी सूट मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा आपल्याच माथी येते. एफडी मुदतीआधी मोडली तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. ९,००० बचत खात्यातून द्या आणि भावंडांकडून तिसरा-तिसरा हिस्सा मागा. फोटो तिघांचे आहेत, मागायला संकोच नको.

४,८०० डीपीआयच्या (म्हणजे एका इंचात टिपल्या जाणाऱ्या ठिपक्यांच्या) जाहिरातीला भुलू नका. कागदी फोटोला ६०० पुरतात. ४ बाय ६ चा रंगीत फोटो ६०० वर, फाइल कॉम्प्रेस न करता ठेवला, तर सुमारे २६ एमबीचा होतो. १,२०० फोटोंचे ३१ जीबी. त्यासाठी मोठी डिस्क नको, लहान दोन घ्या: एक तुमच्याकडे, दुसरी पुण्याच्या भावाकडे. कृष्णा पुन्हा घरात आली तरी एक प्रत कोरडी राहील.

आता खरा खर्च, वेळेचा. ए-फोर काचेवर ४ बाय ६ चे तीनच फोटो मावतात. म्हणजे ४०० खेपा. पुसणं, मांडणं, स्कॅन धरून खेपेला चार मिनिटं, तर जवळजवळ २७ तास. रोज तासभर बसलात तर महिन्यात उरकेल. तो तास आईंच्या शेजारी बसून काढा. त्या ८४ वर्षांच्या आहेत आणि लग्नाच्या फोटोतल्या मागच्या रांगेतली नावं आता फक्त त्यांनाच ठाऊक, असं तुम्हीच लिहिलंय.

त्या नावांसाठी स्कॅनर येईपर्यंत थांबू नका. काळ्या पानांचा अल्बम आजच काढा आणि त्या सांगतील ती नावं वहीत, पान नंबर घालून, लिहून घ्या.