सीट करपली, वर गाडीही अडवली: १४,००० रुपये भरायचे का?

प्रश्न: मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. कंबरदुखीमुळे मुद्दाम गरम होणाऱ्या लेदर सीटची जुनी सेडान घेतली. पुढच्या दोन्ही सीटचा फोम दबून खाली बसला होता. उद्यमनगरातल्या एका सीटकामवाल्याने ‘कंपनीसारखा फोम’ टाकून देतो म्हणून ३८,००० रुपये घेतले. त्यातले २०,००० यूपीआयने दिले, १८,००० रोख. पक्के बिल नाही, कागदी पॅडवर हाताने लिहिलेला खर्चाचा अंदाज तेवढा आहे. तीन आठवड्यांत ड्रायव्हर सीटवर उजव्या मांडीखाली रुपयाच्या नाण्याएवढा करपलेला डाग पडला आणि एअरबॅगचा दिवा लागून राहिला. गाडी दुकानात नेली, तर मालक म्हणतो हीटर आधीच जुना होता, नवीन हीटर पॅडचे १४,००० द्या, तोवर चावी मिळणार नाही. काय करू?

उत्तर: आधी चावीचे बोलू, कारण तुमचा सगळा पुरावा त्या गाडीत आहे आणि गाडी त्यांच्या ताब्यात आहे.

कारागिराला गाडी अडवून ठेवण्याचा हक्क असतो, हे खरे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ज्या वस्तूवर त्याने श्रम आणि कौशल्य लावले, त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू त्याला ठेवून घेता येते. पण ठरलेले ३८,००० तुम्ही पूर्ण चुकते केले आहेत. १४,००० चे काम अजून झालेले नाही आणि त्याला तुम्ही होकारही दिलेला नाही. न झालेल्या कामापोटी गाडी अडवता येत नाही. आजच व्हॉट्सअॅपवर लिहा: ‘पूर्ण रक्कम दिलेली आहे. नवीन कामास माझी संमती नाही. सीट उघडू नये. काढलेला जुना फोम व सुटे भाग जपून ठेवावेत. गाडी व चावी दोन दिवसांत द्यावी.’ तरीही दिली नाही, तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आणि गाडीवाचून अगदीच अडले असेल, तर पैसे यूपीआयनेच द्या आणि ‘हरकत राखून, गाडी सोडवण्यापुरते देत आहे’ असा संदेश त्याच वेळी पाठवा. ‘काम समाधानकारक झाले’ अशा कोणत्याही कागदावर सही करू नका.

आता डागाकडे या. तुमची बाजू इथेच ठरणार आहे. हीटर पॅड फोमच्या वर आणि लेदरच्या खाली चिकटवलेला असतो. कंपनीचा फोम साच्यात ओतलेला असतो. त्याला खाचा असतात, खाचांत तार असते आणि लेदरचे कव्हर लोखंडी कड्यांनी त्या तारेला ओढून बांधलेले असते. सपाट फोम कापून बसवला की खाचा नीट जुळत नाहीत. मग पॅड दुमडतो, किंवा कडी त्याच्या आरपार जाते. दुमडलेल्या किंवा टोचलेल्या जागी उष्णता एकवटते. तापमान मोजणारा सेन्सर पॅडवर एकाच ठिकाणी असतो. करपणारी जागा त्याच्यापासून दूर असेल तर त्याला कळतच नाही आणि वीज चालू राहते. पॅड जुना होऊन बंद पडला असता तर बहुधा सीट गरमच झाली नसती. नाण्याएवढीच जागा करपली, यावरून बसवण्यातल्या दोषाचा संशय बळावतो. पण हे अनुमान आहे. सीट उघडून तज्ज्ञाने दुमड किंवा भोक दाखवले, की तो पुरावा होतो.

एअरबॅगचा दिवा तर आणखी उपयोगी. बऱ्याच गाड्यांत सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असते आणि सीटखाली तिचा पिवळा प्लग. तो काढण्याआधी बॅटरी सोडून काही मिनिटे थांबावे लागते. प्लग सुटा असताना इग्निशन चालू केले, की गाडीच्या संगणकात बिघाडाचा कोड नोंदला जातो. काही गाड्यांत त्या वेळचे किलोमीटरही नोंदले जातात. म्हणून कोड पुसण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून छापील अहवाल घ्या. दिवा लागलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेलच असे नाही, तेव्हा तोवर लांबचा प्रवास टाळा. सीट हीटरचा फ्यूजही काढून ठेवा.

सीट दुसरीकडे परस्पर उघडू नका. दुकानदाराला स्पीड पोस्टने नोटीस द्या: अमुक दिवशी, अमुक वेळी सर्व्हिस सेंटरमध्ये सीट उघडणार आहे, हजर राहा, न आल्यास तपासणी होईल. पॅड काढताना सलग व्हिडिओ घ्या आणि मेकॅनिककडून सही-शिक्क्याचा अहवाल व दुरुस्तीचा अंदाज घ्या. एवढे न करता सीट बदलून घेतली, तर ‘दुसऱ्यानेच बिघडवले’ हा बचाव त्यांना आयता मिळतो. अशी प्रकरणे बहुतेक तिथेच ढिली पडतात.

त्याच नोटिशीत भरपाईसाठी १५ दिवसांची मुदत द्या. दाद मिळाली नाही, तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ खाली तक्रार करा. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. गाडी तोवर सुटली नसेल, तर कलम ३८(८) खाली अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्ज तक्रारीसोबतच द्या. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, ही मनाची तयारी ठेवा.

पक्के बिल नाही म्हणून घाबरू नका. बिल न देणे हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद आणि हाताने लिहिलेला अंदाज मिळून व्यवहार सिद्ध करता येतो. रोख १८,००० पोचल्याचा उल्लेख असलेला एखादा संदेश शोधा. संदेश पुसू नका, फोन बदलू नका. संदेशांच्या छापील प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे) प्रमाणपत्र जोडा.

मागणी नेमकी ठेवा: कामाचे पैसे परत, पॅड-लेदर-एअरबॅग दुरुस्तीचा सर्व्हिस सेंटरचा अंदाज, मनस्तापाची माफक रक्कम आणि खर्च. कागद नसताना लाखोंचा आकडा टाकला, तर बाकीच्या खऱ्या मागणीवरचाही विश्वास कमी होतो.

गाडी कोणाच्या नावावर आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. पत्नीच्या नावावर असली तरी पैसे तुम्ही दिलेत, त्यामुळे ग्राहक तुम्ही आहातच. दोघांनी मिळून तक्रार केली तर तोही आक्षेप उरत नाही. मात्र पेढीच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल, तर समोरून ‘व्यापारी वापर’ हा पहिला मुद्दा येईल, कारण व्यापारी कामासाठी सेवा घेणारा या कायद्यात ग्राहक धरला जात नाही. गाडीचा मुख्य वापर कशासाठी, हे आयोग पाहतो. तसे असल्यास ती घरच्या वापरात असल्याचे तक्रारीच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा.