परदेशात राहताना चांगली पण परवडणारी फ्रेंच रेस्टॉरंट्स कशी शोधायची?

रात्रीऐवजी दुपारी जा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. बऱ्याच फ्रेंच रेस्टॉरंटांत दुपारी ठरलेल्या किमतीचं 'फॉर्म्यूल' असतं: स्टार्टर आणि मुख्य पदार्थ, किंवा मुख्य पदार्थ आणि गोड. स्वयंपाकघर तेच, बिल मात्र रात्रीपेक्षा बरंच कमी.

मिशलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेच्या ताऱ्यांमागे लागू नका, त्यांचीच 'बिब गुर्मां' यादी बघा. 1997 पासून ती माफक दरात उत्तम जेवण देणाऱ्या ठिकाणांसाठीच आहे. तुमच्या शहरात मिशलिन पोचलं नसेल तर छोटे बिस्त्रो, म्हणजे साधी फ्रेंच खाणावळ, शोधा.

दारातला मेनू नीट वाचा. पाच-सहाच मुख्य पदार्थ, तेही फळ्यावर खडूने लिहिलेले असतील तर बिनधास्त आत शिरा. लांबलचक यादी दिसली की मी तरी पुढे चालू लागते.

पहिल्यांदा कांद्याचं सूप मागवा. ते स्वस्त असतं आणि त्यात स्वयंपाक्याचा संयम कळतो. कांदा मंद आचेवर बराच वेळ परतून गडद तपकिरी, गोडसर झालेला हवा. वरचं चीज कडेला खरपूस. (शाकाहारी असाल तर आधी विचारा, ते बहुधा गोमांसाच्या स्टॉकमध्ये करतात.) आणि वाइन बाटलीऐवजी ग्लासने घ्या, बिल बहुतेक वेळा तिथेच फुगतं.