‘एक्स्ट्रा ड्राय’, तरी गोड?

प्रश्न : ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली पांढरी स्पार्कलिंग वाइन आणली, तरी गोडसर लागली. उघडताना बरीचशी फेसातच वाहून गेली. असं का झालं?

उत्तर : लेबल फसवं आहे खरं! ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये लिटरला 12 ते 17 ग्रॅम साखर चालते. कोरडी (‘ड्राय’), म्हणजे गोड नसलेली चव हवी तर ‘ब्रूट’ घ्या, त्यात 12 ग्रॅमपेक्षा कमी. ‘एक्स्ट्रा ब्रूट’मध्ये फार तर 6. साखर कमी असली की आंबटपणा धारदार लागतो, लिंबाचा, हिरव्या सफरचंदाचा वास मोकळा होतो. अशा वाइनची सगळी मजा त्यातच.

फेस उसळतो तो बाटली कोमट किंवा हिंदकळलेली असल्यामुळे. बर्फ घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. मग तिरपी धरा, बूच घट्ट दाबून बाटली फिरवा, बूच नव्हे.