बाळाला तारखा मिळतात, आईला नाही

"बाळ अगदी छान आहे, मग मलाच बरं का वाटत नाही? मीच कमी पडते का?" प्रसूतीनंतर समुपदेशनासाठी येणाऱ्या स्त्रियांकडून ही चिंता मी इतक्या वेळा ऐकली आहे की, एका आईशी झालेल्या अनेक भेटींचे सार, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

त्या आल्या तेव्हा बाळ चार महिन्यांचे होते. टाक्यांची जागा दुखत होती, बाळ झोपले तरी त्यांना झोप लागत नव्हती आणि संध्याकाळी विनाकारण रडू येत होते. सुरुवातीच्या भेटींत त्या स्वतःला आळशी आणि कृतघ्न ठरवत राहिल्या.

"प्रसूतीनंतर स्वतःची तपासणी करून घेतलीत?"

"नाही, मॅडम. माझंच चुकलं."

"आणि बाळाच्या लशी?"

"एकही चुकलेली नाही." त्यांनी पिशवीतून लसीकरणाचे कार्ड काढले. घडीवर फाटलेले, मागून चिकटपट्टी लावलेले, पण आतापर्यंतच्या प्रत्येक लशीच्या रकान्यात तारीख आणि सही होती. मग मी त्यांचा डिस्चार्जचा कागद मागितला. औषधांच्या यादीखाली एकच ओळ होती: 'सहा आठवड्यांनी दाखवणे.' कोणत्या दिवशी, कोणाला, किती वाजता, काहीच नाही.

"बाळाची एकही तारीख न चुकवणारी बाई आळशी कशी?" मी विचारले.

दोन्ही कागद शेजारी ठेवून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "लस राहिली तर फोन येतो," त्या म्हणाल्या. "मला कोणी बोलावलंच नाही."

माझ्या मते निम्मे काम येथेच झाले. माणसाचे मन त्याच्या परिस्थितीपासून सुटे काढून तपासता येत नाही, ही माझी जुनी धारणा आहे, आणि सहकारी त्यावरून माझी थट्टा करत असले तरी ती मला अनुभवाने शिकवली आहे. 'का गेला नाहीत?' असे विचारले की उत्तरात अपराधीपणा येतो. 'जाण्याच्या आड काय आले?' असे विचारले की बुडणारा रोजगार, कामाच्याच वेळेत उघडा असणारा बाह्यरुग्ण विभाग, बाळाला सांभाळायला कोणी नसणे, हे खरे अडथळे बाहेर येतात. पगारी रजा आणि सोबतीला माणूस असलेल्या स्त्रीला ती एक ओळ पुरते, इतरांना पुरत नाही. म्हणूनच सर्वांसाठी एकच सूचना ठेवून सेवा समन्यायी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशींत प्रसूतीनंतरचे पहिले 24 तास देखरेख आणि त्यापुढे किमान तीन भेटी सांगितल्या आहेत: 48 ते 72 तासांच्या दरम्यान, 7 ते 14 दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. आईच्या नैराश्याची आणि चिंतेची चाचपणीही त्यात आहे. जगभरात प्रसूतीनंतर सुमारे 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो असे हीच संघटना सांगते. तेव्हा हा कोणा एकीचा कमकुवतपणा नव्हे.

त्यांनी पुढच्या लशीच्या दिवशी नर्सला विचारले, "आज मलाही तपासाल का?" त्या केंद्रात तशी सोय नव्हती, वेगळ्या दिवशी जावे लागले, आणि त्यासाठी कामावर द्यायची चिठ्ठी मी लिहून दिली. तपासणीत रक्तक्षय आणि नैराश्य दोन्ही निघाले. उपचार सुरू झाले, त्यानंतरच आमच्या बोलण्याचा खरा उपयोग होऊ लागला.

तुमच्या कागदावर तारीख नसेल, तर घरी जाण्यापूर्वीच ती मागून, लिहून घ्यावी. वेळ टळून गेली असली तरी तपासणी करून घेता येते. पहिल्या काही दिवसांतले रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते; त्यापुढे टिकले, तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे आणि जवळच्या माणसाला सोबत न्यावे. मात्र अतिरक्तस्राव, ताप, तीव्र डोकेदुखी, धाप, झटके, भास किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार असतील, तर समुपदेशकाच्या वेळेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.