सगळं सांगून झालं, तरी मुलगा पुढचं काही बघतच नाही

आयटीआयला शिकणाऱ्या मुलांच्या पालकांकडून हे नेहमी ऐकू येतं. असाच इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, अ‍ॅप्रेंटिसशिप, महावितरणची विद्युत सहायक भरती, सगळं त्याला पाठ होतं. पण उत्तर एकच: "दहावीला काठावर पास झालोय, सर. शेवटी हेल्परच व्हायचंय, बघून काय करू?"

थोडक्यात, माहिती भरपूर होती, भरवसा नव्हता. अशा वेळी आणखी एक माहितीपत्रक दिलं, तर तेही घडी होऊन खिशात जातं. 'मला जमेल' हा भरवसा कशातून येतो, याचे चार स्रोत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले: स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाचं उदाहरण, इतरांचे शब्द आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यातलं पहिलं सर्वांत वजनदार. नुसतं "तू हुशार आहेस" म्हटलं की मुलाला मार्कशीट आठवते.

म्हणून करिअर बाजूला ठेवून वर्कशॉपचं विचारलं. त्यानं एक फॉल्ट सांगितला: स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी 'स्टार' आणि मग 'डेल्टा' जोडणीत चालवणारं उपकरण) टायमरची वेळ संपली की स्टार सुटायचा, पण डेल्टा उचलत नव्हता. यानं सप्लाय बंद करून मल्टिमीटरनं एकेक वायर तपासली आणि स्टारच्या एनसी इंटरलॉकची (स्टार चालू असताना डेल्टाला अडवणाऱ्या संपर्काची) ढिली वायर शोधली. आधी काय वाटलं, कुठे चुकलास, कसं कळलं, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं आणि त्यानंच ते वहीत उतरवलं. हेल्पर फॉल्ट शोधत नाही, हे त्याचं त्यालाच दिसलं.

मग दोन-तीन वर्षं पुढे गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना भेटायचं ठरलं. फार यशस्वी माणूस इथे चालत नाही. "तो वेगळाच आहे" म्हणून मुलं मोकळी होतात. प्रश्न नेमके हवेत: दिवसभर हाताला काय काम असतं? कापून हातात किती पडतात? नकोसं काय वाटतं? "कसं चाललंय?" विचारलं की "बरंय" एवढंच मिळतं.

इथेच गाडी अडली. पहिल्यानं फोन उचलला नाही. मुलानं तो अपमान समजून आठवडाभर विषयच काढला नाही. यादीत तीन नावं हवीत आणि एकाचा नकार येणारच, हे आधीच सांगायला हवं.

तिसरा भेटला. अ‍ॅप्रेंटिसशिपचा अर्ज गेला, डिप्लोमाची चौकशी चालू आहे. वडील विचारतात, "नक्की काय ठरलं?" त्यांना सांगितलंय, निकाल लागेपर्यंत हा प्रश्न नको, "आज कुणाशी बोललास?" एवढंच विचारा.