बाई, आता वही मिटा

"ताई, माले काहीच ध्यानमा ऱ्हात नही," खुर्चीत टेकता टेकता त्या म्हणाल्या आणि लगेच सावरून पुस्तकी मराठीत आल्या, "म्हणजे वाचलेलं लक्षात राहत नाही. वय झालं का हो माझं?"

वय सेहेचाळीस. शिंदखेडा तालुक्यातल्या एका शाळेत एकवीस वर्षं शिकवतात. हे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि त्यांच्या वर्गातली पोरं म्हणतात तसं मीही इथे त्यांना 'बाई'च म्हणते.

टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, धास्तीने पूर्वी माझ्याकडे यायची ती डीएड करून नुकती बाहेर पडलेली मुलं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी शिल्लक आहे, अशा सेवेतल्या शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागेल, असा तो निकाल. तेव्हापासून धुळ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पांढरे केस असलेले शिक्षकही येऊ लागले. त्यातले बरेच जण बाईंचंच वाक्य बोलतात, आणि जास्त करून इतिहासाबद्दल. सहावी ते आठवीसाठीच्या दुसऱ्या पेपरात दीडशेपैकी साठ गुण सामाजिक शास्त्रांचे. त्यात इतिहास म्हणजे खान्देशापासून फ्रान्सपर्यंत कुठलंही विचारतील, ही भीती.

बाईंच्या पिशवीत तीन जाडजूड वह्या होत्या. एकीवर 'महाराष्ट्र', दुसरीवर 'भारत', तिसरीवर 'जग'. आत सुरेख अक्षर आणि पानभर गुलाबी मार्कर. इतका की न रंगवलेली ओळच वेगळी दिसत होती. पहाटे चारला उठून त्या तिन्ही वह्या पहिल्यापासून वाचायच्या, रात्री झोपताना पुन्हा. वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं. सराव परीक्षेत पर्याय समोर आले की डोकं कोरं.

मी विचारलं, "१९४२ साली नंदुरबारला काय झालं?"

"९ सप्टेंबर. मुलांची मिरवणूक, पोलिसांचा गोळीबार. शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम." एका दमात. "हे तर आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो."

"त्याच वर्षी जगात काय चाललं होतं?"

त्यांचा हात सरळ पिशवीतल्या तिसऱ्या वहीकडे गेला. आठवून बघायच्या आधीच. मी म्हटलं, दोन मिनिटं वही नको, चुकलं तरी चालेल. त्या गप्प बसल्या. मग डोळे भरून आले.

माझ्या लेखी या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो हात. बाईंची स्मरणशक्ती ठणठणीत होती. वर्गातल्या मुलांची नावं, त्यांच्या बापांची नावं, कोणाची आई उसतोडीला गेली, सगळं त्यांना पाठ. त्या भीत होत्या आठवेना झालं की जी कोरी जागा दिसते, तिला. वही उघडी असली की ती जागा दिसतच नाही. म्हणून पुन्हा वाचायचं, पुन्हा रंगवायचं. कष्ट खरेच होते, पण ते त्या कोऱ्या जागेपासून लांब राहण्यासाठी चालले होते. असं दिवसाचे चार तास वाचूनही माणूस स्वतःची परीक्षा एकदाही घेत नाही, आणि खरी परीक्षा आली की पहिल्यांदाच त्या कोऱ्या जागेशी गाठ पडते.

त्यामागचं कारण दुसऱ्या भेटीत बाहेर आलं. बाईंची मुलगी डीएड झालेली आहे, तीही हीच परीक्षा देणार. "ती पास झाली आणि मी राहिले, तर?" आणि आठवीतल्या एका मुलाने भर वर्गात विचारलं होतं, "बाई, तुमचीपण परीक्षा आहे का?" मुलाने साध्या कुतूहलाने विचारलेलं. बाईंना तो प्रश्न रात्री झोपू देत नव्हता. एकवीस वर्षं ज्या टेबलाच्या या बाजूला उभ्या राहिल्या, त्या टेबलाच्या त्या बाजूला बसायचं, हे सोपं नाही. यात अपमान वाटणं चुकीचं आहे असं मी त्यांना म्हटलं नाही. तसं मला वाटतही नाही. एवढंच म्हटलं, की हा अपमान वेगळा आणि अभ्यास वेगळा. अपमानाबद्दल इथे बोलू, अभ्यासाच्या खुर्चीवर त्याला बसवू नका.

बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. शेंड्यांवर बारीक ओरखडे. रविवारी घरच्या कापसाच्या वेचणीला जातात, वाळलेल्या बोंडाची टोकं लागतात. मी कागद पुढे केला, मधोमध 'कापूस' लिहायला सांगितलं आणि म्हटलं, खान्देशच्या कापसाला एकदा सोन्याचा भाव आला होता, का ते आठवा. वही बंद.

पाच मिनिटं गेली. मग पेन्सिल हलली. १८६१, अमेरिकेत यादवी युद्ध. उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांनी मोहरा हिंदुस्थानकडे वळवला, मुंबईत पैशांचा पूर आला, खान्देशात कापसाचा पेरा वाढला, आणि त्याच दशकात भुसावळला रेल्वे आली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला. तेजीत काढलेलं कर्ज तसंच राहिलं. इथे बाई थांबल्या, मग स्वतःच म्हणाल्या, "दख्खनचे दंगे!" १८७५, पुण्याजवळचं सुपे, शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा. तिन्ही वह्यांतलं तिन्ही एका पानावर आलं होतं. "हे मी आठवीला शिकवते हो," त्या म्हणाल्या, "पण अमेरिका वेगळी शिकवते आणि सुपे वेगळं."

मग १९४२ कडे परत आलो. फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या हाती, मार्चमध्ये रंगून, युद्ध हिंदुस्थानच्या दारात. म्हणून त्याच महिन्यात ब्रिटिश मंत्री क्रिप्स बोलणी करायला आले, बोलणी फिसकटली, ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव, आणि बरोबर महिन्याने नंदुरबार. सनावळी पाठ करायला अवघड जाते कारण प्रत्येक सन एकटा उभा असतो. 'म्हणून' हा एक शब्द मधे घातला की मागचा सन पुढच्याला ओढून आणतो.

अर्थात सगळंच असं बांधता येत नाही. तापीकाठच्या सावळद्याची ताम्रपाषाणयुगीन संस्कृती, थाळनेर आणि बऱ्हाणपूरचे फारुकी सुलतान, १६०१ ला अकबराने घेतलेला असीरगड, १८५७-५८ मधला खाज्या नाईकांचा इंग्रजांविरुद्धचा लढा, यांतलं काही सरळ पाठच करावं लागतं. आद्याक्षरं जोडून केलेल्या गमतीदार ओळींवर माझा फारसा भरवसा नाही. ऐन वेळी ओळ आठवते आणि कुठलं अक्षर कशाचं ते आठवत नाही. त्यापेक्षा वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, मग वही उघडून फक्त राहिलेलं लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर गळतं. विसरू लागल्यावर ओढून परत आणलेलं जास्त टिकतं, आणि ते ओढणं जरा दुखतं. बाईंना त्या दुखण्याची भीती होती, म्हणून पहिले आठ दिवस मी रोज फक्त एकच कागद सांगितला. मार्कर माझ्या टेबलाच्या खणात ठेवून घेतला, त्यांनीच हसून दिला.

पहाटे चारचं उठणंही सोडायला लावलं. रात्री अकराला झोपून चारला उठणारी बाई दिवसभर शाळा करते, रविवारी कापूस वेचते. तिला आठवत नाही यात नवल नाही. साडेपाचला उठा, चाळीस मिनिटं बसा. बाईंना हा अभ्यास कमी केल्यासारखा वाटला, दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात डुलकी लागली तेव्हा ऐकलं.

परीक्षेबद्दल एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानातच नव्हती. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे कोरी जागा आली तरी तिथे काहीतरी निवडायचं आणि पुढे जायचं. एका प्रश्नावर सहा मिनिटं थिजून बसायची त्यांची सवय सराव परीक्षेत मोडली.

चौथ्या भेटीला त्या नुसता एक कागद घेऊन आल्या. मधोमध 'फैजपूर १९३६'. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. एका बाजूला १९२९ ची मंदी, पडलेले शेतमालाचे भाव, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. दुसऱ्या बाजूला १९३५ चा कायदा, १९३७ च्या प्रांतिक निवडणुका. वर कोपऱ्यात स्पेन, तिथलं यादवी युद्ध. खाली साने गुरुजी, आणि त्यांच्या नावावरून निघालेला एक बाण, ज्याच्या टोकाशी नुसता रिकामा चौकोन.

"इथे धुळ्याच्या तुरुंगाचं काहीतरी होतं," बाई म्हणाल्या. "विनोबा... गीता... साल येत नाही."

मी गप्प राहिले. वही पिशवीतच होती, पिशवी पायाशी. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी चौकोनात १९३२ लिहिलं.